रणगाड्याचे पाय

लिंबागणेशला गणपतीच्या देवळाकडे निघालं की डाव्या हाताला एक किराणा दुकान लागतं. पुढे नारळ, कापूर, उदबत्त्या; मागे डाळी-साखरेची पोती. हे वैजिनाथ आप्पांचं दुकान. मी त्यांचा जुना गिऱ्हाईक आणि शेजारी, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

आप्पा वाण्याच्या घरचे, लिंगायत. घरात पिढ्यान्‌पिढ्या तराजू. पण तराजू धरायच्या वयात आप्पा फौजेत गेले. बीडला भरती निघाली तेव्हा मित्राला सोबत म्हणून गेलेले. मित्र धावण्यात मागे पडून परत आला आणि आप्पा निवडले गेले. वडील पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गावात थट्टा चालायची, की वाण्याचं पोरगं गोळी झाडायच्या आधी तोलून बघंल.

फौजेत त्यांना रणगाड्यावर घेतलं आणि ते ड्रायव्हर झाले. सुटून आल्यावर संध्याकाळी दुकानात बसलं की विषय तिकडेच वळायचा. आम्ही तोफेबद्दल विचारायचो आणि आप्पा रणगाड्याच्या पोटाखालचं सांगायचे. म्हणायचे, तोफ सगळ्यांना दिसते, खालचं कुणी बघत नाही. प्रत्येक चाक एका लोखंडी हातावर बसवलेलं असतं. तो हात एका पोलादी दांडीला जोडलेला, आणि ती दांडी गाडीच्या पोटातून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. चाक दगडावर चढलं की दांडीला पीळ बसतो, दगड गेला की पीळ सुटतो. त्यामुळं आतल्या माणसाचं डोकं आपटत नाही. हे सांगताना ते दोन्ही हातांनी टॉवेल पिळून दाखवायचे.

लग्न, बायको शिवकन्या गेवराईकडची, एक मुलगी शिवानी. वडील गेल्यावर आप्पांनी गल्ला सांभाळला आणि चांगला सांभाळला. साखरेच्या पुडीला दोरा गुंडाळून एका झटक्यात तोडायची त्यांची ढब होती. एके वर्षी गणेश चतुर्थीच्या गर्दीत तो दोरा त्यांच्या बोटातून निसटायला लागला. त्यांनी हसण्यावारी नेलं. मग नारळ हातातून पडला. मग पायरी चढताना उजवा पाय अडखळला.

बीडला दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं, शेवटी शिवानी पुण्यात नोकरीला होती म्हणून तिकडे मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या शिरा एकेक करून वाळत जातात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. थांबवणारं औषध नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, "कावून झालं पण?" डॉक्टर तरुण होता, खरं बोलला. म्हणाला, का होतं ते कुणालाच माहीत नाही.

आप्पांच्या आई नीलाबाई तेव्हा धडधाकट होत्या. त्यांना डॉक्टरचं पटलं नाही. कपिलधारच्या समाधीला नेल्याशिवाय पोराला उतार पडणार नाही, असं त्यांनी मनात घेतलं. आप्पांना जायचं नव्हतं, पण आईला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. शेजारच्या गिरणीवाल्या बबनरावांनी आणि आम्ही दोघातिघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना पायऱ्यांवरून खाली नेलं. वाटेतले लोक बाजूला होत होते, बघत होते. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. धबधब्याचे तुषार त्यांच्या तोंडावर आले आणि त्यांना ते पुसता येईनात. शिवकन्यावहिनींनी पदरानं पुसले. नीलाबाई समाधीपुढे बराच वेळ कपाळ टेकून बसल्या. घरी आल्यावर त्या रोज सकाळी लेकाचा हात दाबून बघायच्या, जोर आला का म्हणून.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत शिवानी रणगाडा घेऊन आली.

हात चालत नसलेल्या बापाला काय आणावं, हे तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं इंटरनेटवरून रिमोटवर चालणारं मॉडेल मागवलं. आप्पा चालवायचे त्याच जातीचा रणगाडा, साधारण हातभर लांब. लोखंडी पट्टे, फिरणारी तोफ, सुरू केलं की इंजिनाची घरघर. आप्पांची बोटं गेली होती, पण दोन्ही अंगठे अजून ऐकत होते. रिमोट मांडीवर ठेवून दिला आणि त्यांनी तो रणगाडा पोत्यांच्या फटीतून असा काढला, जागच्या जागी असा वळवला, की दुकानात कापूर घ्यायला आलेली माणसं थांबून बघत राहिली. कित्येक महिन्यांनी आप्पांनी काहीतरी स्वतः हलवलं होतं.

मग रोज तेच. सकाळी बबनराव त्यांना उचलून खुर्चीत बसवायचे, शिवकन्यावहिनी रिमोट मांडीवर ठेवायच्या, आणि आप्पा गुळगुळीत फरशीवर फेऱ्या मारायचे. नीलाबाईंना ते बघवत नसे. सोन्यासारखा लेक आणि त्याच्या मांडीवर खेळणं, असं त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या होत्या.

फरशीवर आप्पांचं मन भरलं. त्यांना उंबरा ओलांडून अंगणात जायचं होतं. दाराबाहेर त्यांची खुर्ची दुसऱ्यानं उचलल्याशिवाय निघत नव्हती. रणगाडा तरी निघावा, असं त्यांच्या मनात असेल. वहिनींनी उंबऱ्याला एक फळी लावून दिली. रणगाडा फळीवर चढला, उंबऱ्यावर त्याचं पोट टेकलं, कसाबसा खरडत तो पलीकडे उतरला आणि अंगणातल्या दगडांवर गेला. तिथं त्याचा मागचा भाग बसला. चाकं फाकली. टक्कन काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि एक पट्टा निघून पडला.

बबनरावांनी तो उचलून उलटा केला. खाली चाकांचे हात प्लास्टिकचे होते. एक तुटलेला, बाकीचे लोखंडी पट्ट्याच्या वजनानं वाकलेले. बबनराव समजुतीनं म्हणाले, जाऊ द्या आप्पा, खेळणंच हाय.

"खेळणं न्हाई बे," आप्पा म्हणाले. "वरून सगळं खरं केलंय अन्‌ खालून फसवलंय."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवानीला फोन लावायला सांगितला. ह्या मॉडेलला धातूचे हात आणि पोलादी दांड्या मिळतात का, बघ. मिळत होत्या, पण परदेशातून यायच्या होत्या. शिवानीनं मागवल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. पार्सल निघालं, असं कळलं. मग मुंबईत अडकलं, असं कळलं. मग कुठं आहे तेच कळेना. आप्पा रोज विचारायचे, आलं का. शिवानी तिकडून रोज कुणाला तरी फोन करायची आणि इकडे आम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्याकडे बघायचो. आजार काही कुणासाठी थांबला नव्हता. आधी उजवा अंगठा गेला. मग मान एका बाजूला कलायला लागली, तिला उशीचा टेकू द्यावा लागला. मग जीभ जड झाली. "आलं का" मधला ल गेला, मग क गेला. शेवटी नुसता एक लांब आवाज उरला. पण तो काय विचारतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

ह्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. आप्पांना मधेच हसू फुटायचं किंवा रडू यायचं, आणि दोन्ही आवरायचं नाही. मी एकदा तुरीचा भाव सांगत होतो तर ते हसत सुटले, हसताना त्यांच्या डोळ्यांत भीती होती. शिवानीनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ह्या आजारात असं होतं. आत काही नसतानाही बाहेर हसू-रडू येतं, त्याचा अर्थ लावू नका. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या पुढं म्हणाल्या होत्या, मग अर्थ कशाचा लावायचा?

पार्सल आलं तेव्हा डोळे-पापण्या सोडून आप्पांचं फारसं काही हलत नव्हतं. 'हो'ला एकदा आणि 'नाही'ला दोनदा, असं पापणीचं बोलणं वहिनींनी ठरवून घेतलं होतं. तोंडातून आवाज यायचा, पण शब्द ओळखू येत नसत.

मला वाटलं, आता ते खोकं असंच पडून राहील. बबनराव म्हणाले, मी बसवतो. पण त्यांच्या गिरणीत कामं केलेल्या जाड बोटांत ते बारीक स्क्रू मावेनात. तेव्हा वहिनी म्हणाल्या, मी करते. त्यांनी आयुष्यात पेचकस धरला नव्हता. ब्लाउज मात्र गावभरचे शिवलेले, त्यामुळं बोटं बारीक कामाला सरावलेली. नीलाबाईंना त्यांनी गल्ल्यावर बसवलं आणि आप्पांच्या खुर्चीसमोर चटई टाकून रणगाडा पुढ्यात घेतला.

चाकांच्या त्या हातांना वहिनी पाय म्हणायच्या. पूर्वी आप्पांनी दोनचारदा टोकलं होतं, पाय न्हाई, आर्म म्हण. आता टोकायला आवाज नव्हता.

जुनं काढायला फार वेळ गेला नाही. पट्ट्याची खीळ त्यांनी सुईनं ढकलून अडकित्त्याच्या पाठीनं ठोकून काढली. चाकं काढली, वाकलेले प्लास्टिकचे पाय काढले, आणि रणगाड्याचं पोट रिकामं झालं. मग पार्सलमधल्या दोन पिशव्या फोडल्या. बारीक सामान हरवू नये म्हणून त्यांनी दोन्ही पिशव्या एकाच ताटात ओतल्या.

आप्पांच्या तोंडून आवाज निघाला. परत निघाला. वहिनींना तो अस्पष्ट आवाज 'ये गं ये' असा वाटला. मीही तिथंच होतो, मलाही तसाच ऐकू आला.

वहिनी उठून त्यांच्याजवळ गेल्या. काय पाहिजे, विचारलं. उशी सरकवली, पाणी चमच्यानं ओठाला लावलं, पाठीला हात घातला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. वहिनींना वाटलं, बरं वाटलं असावं. त्या परत येऊन बसल्या.

दुपारभर काम चाललं. एकेक दांडी पोटातून आरपार सरकवायची, पलीकडच्या भोकात बसवायची, अलीकडे तिला पाय जोडायचा, पायाला चाक. ग्रीस नव्हतं, ते बबनरावांनी गिरणीतून आणून दिलं. आप्पा मधूनमधून आवाज करत होते. वहिनी मान वर करून म्हणायच्या, झालं, झालं, होत आलं. नीलाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, त्याला तरास व्हायलाय, ऱ्हाऊ दे आता. पण वहिनींना ते आजच पुरं करायचं होतं. उद्यापर्यंत आणखी काय जाईल, ह्याची त्यांना धास्ती होती.

शेवटी पट्टे चढवून त्यांनी रणगाडा आप्पांसमोर स्टुलावर ठेवला. दोन्ही बाजूंना चाकं एका ओळीत, चकचकीत. वहिनींचा चेहरा घामानं भिजला होता आणि खुलला होता. आप्पांनी रणगाड्याकडे बघितलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला, तो मी पुन्हा ऐकू नये.

वहिनी घाबरल्या. विचारायला लागल्या. चाकात चूक हाय का? दोन पापण्या. पट्ट्यात? दोन. पायांत? एक. सैल हायत? दोन. मोडलाय का कुठला? दोन. कमी पडला? दोन. ग्रीस जास्त झालं? दोन. प्रश्न संपले. त्या मला म्हणाल्या, तुमी इचारा भाऊजी. मला तरी रणगाड्यातलं काय कळणार होतं? आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळं जाणत होते, समोर एका हाताच्या अंतरावर चूक दिसत होती आणि सांगायला एक शब्द नव्हता. वहिनी, नीलाबाई आणि मी, आम्ही तिघं धडधाकट माणसं त्यांच्यापुढे उभे होतो आणि आम्हालाही काही करता येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी आमच्याकडे बघणंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगण झाडत होत्या. झाडता झाडता त्या थांबल्या, खराटा तिथंच टाकून आत गेल्या आणि आप्पांच्या तोंडाशी वाकल्या.

"काल 'वेगळे' म्हणत होतात का? वेगळे ठेव म्हणून?"

आप्पांची पापणी एकदा मिटली.

दोन पिशव्या होत्या, कारण डाव्या बाजूचे पाय वेगळे आणि उजव्या बाजूचे वेगळे. पाय मागं झुकायला हवे होते. वहिनींनी मिसळल्यामुळं निम्मे पुढं झुकले होते. आप्पा 'वेगळे' म्हणत होते आणि आम्ही 'ये गं ये' ऐकलं होतं. वहिनी तिथंच खुर्चीचा पाय धरून खाली बसल्या. किती वेळा माफी मागितली, मोजली नाही मी. आप्पा फक्त रणगाड्याकडे बघत राहिले. म्हणजे, पुन्हा कामाला बस.

वहिनी पुन्हा बसल्या. सगळं सोडवलं. एकेक पाय उचलून त्या आप्पांच्या डोळ्यांसमोर धरायच्या. डावा असेल तर एक पापणी, उजवा असेल तर दोन. ह्या वेळी दोन ताटं होती. आप्पा लवकर थकायचे, पापणी जड व्हायची, मग एक मिटली की दोन हेच कळायचं नाही. मग थांबायचं, त्यांना दम घेऊ द्यायचा, पुन्हा दाखवायचं. संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं.

वहिनींनी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचा डावा अंगठा त्याच्या दांडीवर टेकवला आणि वरून आपला अंगठा ठेवला. जोर लावायला गेल्या, तर खालचा अंगठा थंडगार आणि लुळा, नुसता बाजूला घसरला. त्यांनी परत नीट बसवला. परत घसरला. आप्पांची पापणी दोनदा मिटली. मग वहिनींनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला.

त्यांना चालवता येत नव्हतं. रणगाडा आधी साखरेच्या पोत्याला धडकला, मग माझ्या चपलेवर चढला. आप्पा डोळे डावीकडे न्यायचे, उजवीकडे न्यायचे, आणि हळूहळू वहिनी ते डोळे बघून दांडी हलवायला शिकल्या. फळी लावून रणगाडा उंबऱ्याला भिडला. पहिलं चाक वर गेलं, खाली आलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पाय आपापला उचलत होता आणि वरचा रणगाडा जवळजवळ स्थिर होता. तोफ डुलली नाही. तो अंगणात उतरला, दगडांवरून गेला, शेजारी बांधकामाला टाकलेल्या वाळूच्या ढिगावर चढला आणि पलीकडे उतरला. बबनराव गिरणीच्या दारात येऊन उभे होते.

वहिनींनी वळून बघितलं. आप्पा रडत होते. तोंड वाकडं झालं होतं, खांदे हलत होते, लाळ गळत होती.

"बरोबर झालं ना आता?"

एक पापणी.

"मग रडायलाव कावून?"

ह्याला एक किंवा दोन पापण्यांचं उत्तर नव्हतं. वहिनींनी रिमोट खाली ठेवला आणि त्यांचं तोंड पुसत राहिल्या. रणगाडा अंगणात घरघरत उभा होता. शेवटी बबनरावांनी तो आत आणून बटण बंद केलं.

त्यानंतर काही दिवस वहिनी रोज सकाळी तो चालवायच्या. मग एक दिवस त्यांनी रिमोट उचलला तेव्हा आप्पांच्या पापण्या दोनदा मिटल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी विचारायचं सोडलं.

पुढं श्वास कमी पडायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला भोक पाडून नळी बसवली तर यंत्रावर आणखी काही काळ निघेल. पण विचारायचं आप्पांना. शिवानीनं विचारलं, दोन पापण्या. नीलाबाईंनी पदर पसरून विचारलं, तेव्हा आप्पा बराच वेळ आईकडे बघत राहिले, आणि पापण्या दोनदाच मिटल्या. वहिनींनी विचारलंच नाही. त्यानंतरच्या वर्षी मार्गशीर्षात एका सकाळी बबनराव त्यांना उचलायला आले आणि उचलायचं कारण उरलं नव्हतं. लिंगायतांत बसवून माती देतात. त्या दिवशीही बबनरावांनीच त्यांना बसतं केलं.

दुकान आता वहिनी चालवतात. शिवानी त्यांना पुण्याला घेऊन गेली होती, महिन्याभरात परत आल्या. नीलाबाई थकल्या, त्यांना एकटं ठेवता येत नाही. रणगाडा वरच्या फळीवर आहे, कापडात गुंडाळून.

मागं एकदा दुकानात गर्दी नव्हती. मी उदबत्ती घ्यायला गेलो होतो. वहिनी आपणहून बोलायला लागल्या.

"भाऊजी, त्या दिवशी मी चुकीचं इचारलं. रडायलाव कावून, असं इचारलं. त्याला ते काय सांगणार? आनंदानं रडायलाव का, असं इचारलं असतं तर पापणी हालली असती. तेवढी तर हालतच होती."

मी म्हणालो, आनंदच असणार वहिनी, काम त्यांच्या मनासारखं झालं होतं.

त्यांनी उदबत्तीचा पुडा कागदात घातला, पण माझ्या हातात दिला नाही.

"ते मला त्याच दिवशी सुचलं होतं," त्या म्हणाल्या. "रात्री सुचलं, सकाळी सुचलं, पुढं रोज सुचलं. पण दोनदा हालली असती, तर मी काय केलं असतं?"